दूरचे चित्र आणि आपले छप्पर : डिजिटल बॉक्स कसा निवडावा?



स्मरणिकेत धम्म, चळवळीचा इतिहास आणि समाजकार्य यांवरील लेख आपण नेहमीच वाचतो. त्यांच्या जोडीला व्यवहारातील एक विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील अनेक घरांवर, विशेषतः खेड्यांत, जुना दूरदर्शनचा अँटेना अजून लोखंडी पाइपावर उभा आहे. पूर्वी त्यावर चित्र येत असे, आता येत नाही. अशा वेळी कोणी सांगतो की, ‘डिजिटल बॉक्स घ्या, याच अँटेनावर नागपूरचेही चित्र येईल.’ बॉक्स घेतला जातो, चित्र येत नाही आणि मोलमजुरीचे पैसे वाया जातात. संस्थेच्या सभासदांकडून आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. म्हणून कोणता बॉक्स आपल्या भागात चालतो, कोणता चालत नाही आणि त्याचे कारण काय, हे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. कारण एकदा समजले की विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

जुना अँटेना मुका का झाला?

महाराष्ट्रात दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ऐंशीच्या दशकात देशभर सहक्षेपण केंद्रांचे जाळे विणले गेले. उंच मनोऱ्यावरून रेडिओ लहरी सोडायच्या आणि घरावरील अँटेनाने त्या पकडायच्या, अशी ही भूस्थित पद्धत होती. कमी शक्तीच्या केंद्राची पोच साधारण १५ ते २० किलोमीटर आणि मोठ्या शक्तीच्या केंद्राची साधारण ७० किलोमीटर असे. शहराजवळच्या घरात चित्र स्वच्छ दिसे. लांबच्या खेड्यात मात्र पडद्यावर मुंग्या दिसत. एकाने छपरावर चढून पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा त्या काळचा घरोघरीचा कार्यक्रम होता.

ही जुनी ॲनालॉग केंद्रे प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२ पर्यंत ती सर्व बंद करण्याचा निर्णय झाला आणि सीमाभागासारख्या मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे तेवढी त्यातून वगळण्यात आली. त्यामुळे आपल्या छपरावरचा अँटेना बिघडलेला नाही. त्याला पकडण्यासाठी लहरच उरलेली नाही. नवा अँटेना, नवी वायर किंवा नवा बूस्टर आणूनही त्यात फरक पडणार नाही.

मग डिजिटल लहरी कुठे आहेत? प्रसार भारतीने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत डिजिटल भूस्थित प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोन शहरे होती. शेजारच्या मध्य प्रदेशातून इंदूर आणि भोपाळ होती. वऱ्हाडातील एकही शहर त्या यादीत नव्हते. या प्रक्षेपणासाठी ‘डीव्हीबी-टी२’ जातीचा बॉक्स लागतो. बाजारात ‘डिजिटल बॉक्स’ म्हणून दाखवले जाणारे काही बॉक्स याच जातीचे असतात. बॉक्स चांगला असेल, नवा असेल, तरी त्याला पोचणारी लहर आपल्या गावात नसेल तर तो निरुपयोगी आहे.

आणखी एक गोंधळ इंटरनेटवरील व्हिडिओमुळे होतो. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू झाले. जुने संच वाया जाऊ नयेत म्हणून तेथील सरकारने बॉक्स घेण्यासाठी ४० डॉलरची कूपने वाटली. तेथे केंद्र तेच राहिले, लहर फक्त डिजिटल झाली. म्हणून जुना अँटेना आणि नवा बॉक्स ही जोडी चालली. आपल्याकडे तसे झाले नाही. शिवाय अमेरिकेची प्रक्षेपण पद्धत आपल्या पद्धतीहून वेगळी आहे. तेव्हा परदेशातील नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेला तिकडचा बॉक्सही येथे उपयोगी पडत नाही.

अंतराचे गणित

‘उंच अँटेना लावला तर दुरून का येणार नाही?’ हा प्रश्न योग्य आहे. विद्यार्थी मित्रांनी त्याचे उत्तर स्वतः गणित करून पाहावे.

दूरदर्शनच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. मनोऱ्यापासून दूर जावे तसतशी जमीन खाली वळत जाते आणि एका अंतरानंतर लहरी आपल्या डोक्यावरून निघून जातात. हे अंतर काढण्याची सोपी रीत अशी : मनोऱ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढावे, आपल्या अँटेनाच्या उंचीचे वर्गमूळ काढावे, दोन्हींची बेरीज करून ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. हवेमुळे लहरी किंचित वाकतात, त्याचाही हिशेब या ४.१२ मध्ये धरलेला आहे.

समजा, मनोरा १४४ मीटर उंच आहे आणि आपला अँटेना ९ मीटरवर आहे. वर्गमुळे १२ आणि ३. बेरीज १५. तिला ४.१२ ने गुणले की सुमारे ६२ किलोमीटर येतात. मोठ्या केंद्राची पोच साधारण इतकीच का असे, ते येथे कळते.

आता उलट गणित करू. अमरावती ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. नागपुरात तसाच १४४ मीटरचा मनोरा धरला, तर अमरावतीला तो ‘दिसण्यासाठी’ आपला अँटेना जवळपास ५०० मीटर उंच न्यावा लागेल. अकोला ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे १९५ किलोमीटर आहे. तेथील लहर अकोल्यात सरळ रेषेत पकडायची तर अँटेनाची उंची सुमारे १,२५० मीटर हवी. हे गणित जमीन सपाट धरून केले आहे. प्रत्यक्षात मध्ये अजिंठ्याचे डोंगर आहेत. आपल्या मेळघाटातील चिखलदऱ्याच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीही १,२०० मीटरच्या आतच आहे. घरावरचा वीस फुटी पाइप या हिशेबात कुठे बसतो, हे वाचकांनीच ठरवावे. इंदूर आणि भोपाळ तर अमरावतीपासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत आणि वाटेत सातपुडा आडवा आहे.

‘पण आमच्याकडे एकदा दूरच्या केंद्राचे चित्र आले होते’, असे जुनी मंडळी सांगतात. ते खोटे नाही. शांत रात्री किंवा थंडीच्या पहाटे जमिनीलगत गार आणि वर ऊबदार हवेचा थर बसला की लहरी त्या थरातून वाकत जातात आणि शेकडो किलोमीटर दूर पोचतात. परंतु सूर्य वर आला की हा थर मोडतो आणि चित्र जाते. असा योग वर्षातून काही वेळा येतो. त्यावर मुलांचा अभ्यास किंवा रोजची बातमी अवलंबून ठेवता येत नाही.

बूस्टर आणि डिजिटलचा स्वभाव

अँटेनाला बूस्टर लावण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. बूस्टरचे काम विहारातील लाऊडस्पीकरसारखे आहे. माइकपर्यंत वक्त्याचा आवाज पोचला तर लाऊडस्पीकर तो मोठा करतो. आवाज माइकपर्यंत पोचलाच नाही, तर पंख्याची घरघर तेवढी मोठी होते. बूस्टरही आलेल्या लहरीला मोठे करतो आणि तिच्यासोबतच्या गोंगाटालाही मोठे करतो. नसलेली लहर तो निर्माण करत नाही.

दुसरी गोष्ट डिजिटलच्या स्वभावाची. जुन्या पद्धतीत लहर जसजशी कमजोर होई तसतशा मुंग्या वाढत, पण चेहरे ओळखू येत आणि आवाज ऐकू येई. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपाने येते. पुरेसे आकडे नीट पोचले तर चित्र पूर्ण स्वच्छ दिसते. ठरावीक मर्यादेखाली गेले की आधी पडद्यावर चौकोनी ठोकळे दिसतात आणि मग पडदा काळा होतो. अर्धेमुर्धे चित्र येथे नसते. त्यामुळे ‘पूर्वी मुंग्यांसह का होईना, दिसत होते, तर डिजिटलवर छान दिसेल’ हा अंदाज चुकीचा ठरतो.

१४० किलोमीटरवरून नाही, मग ३६,००० किलोमीटरवरून कसे?

वरील सर्व वाचून निराश होण्याचे कारण नाही. हवेतून, तारेशिवाय आणि दरमहा पैसे न देता चित्र मिळण्याची सोय आपल्या भागात आहे. फक्त ती लहर नागपूरच्या दिशेने येत नाही, ती आकाशातून येते. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिचेच आजचे नाव ‘डीडी फ्री डिश’ आहे. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी सोडलेला ‘जीसॅट-१५’ हा भारतीय उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे आणि या सेवेचे प्रक्षेपण त्यावरून होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तो फिरत असल्यामुळे आपल्या दृष्टीने तो आकाशात एकाच जागी स्थिर असतो.

इतक्या दुरून चित्र येते, याचे कारण मध्ये काहीच आडवे येत नाही. अमरावती-अकोल्याहून पाहिले तर हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंच आहे. म्हणजे डोक्यावरच्या बाजूला. पृथ्वीची गोलाई, सातपुड्याच्या रांगा, शेजारच्या इमारती यांचा अडथळा तेथे होत नाही. धारणी-चिखलदरा भागातील दऱ्यांत जेथे मनोऱ्याची लहर कधी धड पोचली नाही, तेथेही इतक्या उंचावरून येणारी लहर पोचते. लहर अतिशय क्षीण असते हे खरे. ती गोळा करण्यासाठी तबकडी लागते, जिला आपल्याकडे लोक छत्री म्हणतात. तबकडीवर पडलेल्या लहरी परावर्तित होऊन समोरच्या दांडीवरील एलएनबी या छोट्या यंत्रावर एकवटतात आणि तेथून वायरीने बॉक्समध्ये येतात.

तेव्हा या लेखातील मुख्य गोष्ट एवढीच आहे : वऱ्हाडात डिजिटल बॉक्स घ्यायचा तर तो अँटेनाचा नव्हे, तबकडीचा घ्यावा.

बॉक्स निवडताना काय पाहावे?

(१) आधी घरातील संच पाहावा. अलीकडच्या काही दूरदर्शन संचांत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो. अशा संचांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली मानकही ठरवले आहे. संचाच्या मागे आटे असलेली गोल जोडणी आणि तेथे ‘एलएनबी इन’ किंवा ‘सॅटेलाइट’ असे लिहिलेले असेल, तर वेगळ्या बॉक्सची गरजच नाही. तबकडी आणि वायर पुरेशी आहे.

(२) बॉक्सची जात पाहावी. खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ असे असावे. ‘टी२’ असेल तर तो अँटेनाचा बॉक्स आहे, आपल्या उपयोगाचा नाही. इंग्रजी न वाचताही ओळखता येते. तबकडीच्या बॉक्सची वायर आट्यांवर फिरवून बसवावी लागते. अँटेनाच्या बॉक्सची पिन बहुधा नुसती दाबून बसते.

(३) ‘एमपेग-४’ चालते का, ते विचारावे. फ्री डिशवर काही वाहिन्या जुन्या ‘एमपेग-२’ पद्धतीने आणि काही नव्या ‘एमपेग-४’ पद्धतीने येतात. जुन्या पद्धतीचा बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर नव्या पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत. ‘एमपेग-४’चा बॉक्स दोन्ही दाखवतो. थोडे अधिक पैसे येथे खर्च करणे योग्य आहे.

(४) जोडणी जुळते का, ते पाहावे. नव्या सपाट संचाला एचडीएमआय वायर लागते. जुन्या संचाला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना लागतात. बॉक्सवर दोन्ही सोयी असाव्यात, म्हणजे उद्या संच बदलला तरी बॉक्स बदलावा लागत नाही.

(५) यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असावी. पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम साठवता आला तर शाळेच्या वेळात लागलेला पाठ विद्यार्थ्याला संध्याकाळी पाहता येतो. काही बॉक्सवर यूएसबीची खाच असते, पण तिच्यावर फक्त गाणी वाजतात. दुकानात प्रत्यक्ष रेकॉर्ड करून पाहावे.

(६) वीज कशी लागते, ते पाहावे. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारा बॉक्स बॅटरीवरही चालवता येतो. भारनियमनाच्या काळात खेड्यात ही सोय मोलाची ठरते.

(७) कोणाचा बॉक्स आहे, ते विचारावे. शुल्क घेणाऱ्या डीटीएच सेवांचे बॉक्स बहुधा त्यांच्याच सेवेशी बांधलेले असतात. रिचार्ज संपला की त्यांचा उपयोग थांबतो. मोफत मिळतो म्हणून असा बॉक्स घेतला तर पुढे दर महिन्याला पैसे भरावे लागतात. आपल्याला ‘फ्री टू एअर’ बॉक्स हवा.

(८) पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घ्यावा. बिल नसेल तर तक्रार कोणाकडे करणार?

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. तबकडी, एलएनबी, वायर आणि बॉक्स असा साधा पूर्ण संच साधारण दीड-दोन हजार रुपयांत बसतो. हा खर्च एकदाच करायचा असतो. समजा, एखादे कुटुंब दरमहा ३०० रुपये भरत असेल, तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. आवडीच्या सर्व वाहिन्या फ्री डिशवर मिळणार नाहीत, हे आधीच समजून घ्यावे. ज्यांना त्या हव्यात त्यांनी जरूर पैसे भरावेत. परंतु बातम्या, सह्याद्री वाहिनी आणि मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम एवढीच गरज असलेल्या घराने हा फरक ध्यानात घ्यावा. वर्षाला वाचलेले पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतील.

तबकडी कुठे बसवावी?

होकायंत्रावर उत्तरेपासून उजवीकडे मोजत १४० अंशांची दिशा घ्यावी. आग्नेय दिशा १३५ अंशांवर असते. त्यापेक्षा किंचित दक्षिणेकडे. उंचीसाठी विद्यार्थ्यांनी कंपासपेटीतील ३०-६० चा गुण्या घ्यावा. त्याची एक बाजू जमिनीला समांतर धरून ६० अंशांच्या कोनातून वर पाहिले की उपग्रहाची जागा कळते. त्या रेषेत झाड, भिंत किंवा पाण्याची टाकी येऊ नये. कोन मोठा असल्यामुळे अरुंद गल्लीतही जागा सापडते. तबकडीपेक्षा १० मीटर उंच असलेला कडुनिंब सहा मीटरहून अधिक दूर असेल, तर त्याचा अडथळा होत नाही. मात्र झाड वाढते, हे विसरू नये.

आणखी एक गमतीची खूण आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत सकाळी ११ च्या सुमारास सूर्य आपल्याकडून पाहता नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या वेळी छपरावर ज्या जागी ऊन पडते, त्या जागी उपग्रहाची लहरही पडते. सूर्याकडे थेट पाहू नये, जमिनीवरचे ऊन-सावली पाहावे. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र जाते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरींत उपग्रहाची क्षीण लहर बुडते. ते बिघाडाचे लक्षण नाही. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी थोडा वेळ थांबावे.

दिशा जुळवताना बॉक्सच्या पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. वायर जोडली की पहिली पट्टी बऱ्याचदा आपोआप भरते. तिला भुलू नये. दुसरी पट्टी वर आली तरच तबकडी योग्य उपग्रहाकडे पाहत आहे असे समजावे. तबकडी एका वेळी बोटभरच हलवावी आणि पट्टी बदलायला दोन-तीन सेकंद द्यावेत. सर्वांत चांगली जागा सापडली की नट घट्ट आवळावेत. आपल्याकडे वानरांचा उपद्रव आहे. सैल तबकडी एका उडीत फिरते.

या लहरींना मोठ्या पावसाचा अडथळा होतो. आषाढ-श्रावणात धो-धो सरी आल्या की चित्र काही वेळ तुटते आणि पाऊस ओसरला की परत येते. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची तबकडी घेतली तर लहर गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि चित्र कमी वेळा जाते. घरासाठी लहान तबकडी पुरते. विहार, वाचनालय किंवा वसतिगृह यांसाठी मोठी घ्यावी. तबकडीच्या खांबाला अर्थिंग करावे आणि विजा कडाडत असताना बॉक्सचा प्लग काढून ठेवावा.

हे सारे कशासाठी?

‘आता मोबाइल आला, दूरदर्शनची काय गरज?’ असे कोणी म्हणेल. २०२० साली कोविडच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एक मोबाइल आणि शिकणारी मुले तीन, अशी स्थिती आपल्या वस्त्यांत अनेकांची होती. मोबाइल कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात आणि रिचार्जचे पैसे नाहीत, म्हणून मुले मागे पडली. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने पहिली ते बारावीसाठी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी अशी योजना जाहीर केली. त्याआधी २०१७ साली उच्च शिक्षणासाठी ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या सुरू झाल्या होत्या. ज्या घरावर योग्य तबकडी आणि योग्य बॉक्स होता, तेथे हे पाठ इंटरनेटशिवाय पोचू शकत होते. ज्या घराने चुकीच्या बॉक्सवर पैसे घातले, तेथे पडदा काळाच राहिला. नुकसान दीड हजारांचे दिसते, पण त्या घरातील मुलाचे वर्ष त्याहून मोलाचे असते.

हवेतून येणाऱ्या शब्दाचे मोल परमपूज्य बाबासाहेबांनी ओळखले होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. मे १९५६ मध्ये बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो, हे त्यांनी बीबीसीवरून जगाला सांगितले. सभेला येऊ न शकणाऱ्यापर्यंत विचार पोचवण्याचे हे साधन आहे. आज दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाणे ज्यांना शक्य नाही अशा वृद्ध उपासक-उपासिकांना तेथील सोहळ्याचे प्रक्षेपण घरबसल्या पाहता येते, हे समाधान लहान नाही. नागपूरहून सुरू झालेल्या ‘लॉर्ड बुद्धा टीव्ही’ आणि ‘आवाज इंडिया’ यांसारख्या वाहिन्यांबद्दलही सभासद विचारतात. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत असते. ज्या वाहिनीसाठी तबकडी घ्यायची, ती घेण्याच्या दिवशी यादीत आहे की नाही, हे दुकानातील चालू बॉक्सवर पाहून घ्यावे.

एक सूचना

धम्मवंदनेत आपण धम्माचा एक गुण ‘एहिपस्सिको’ असा म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा भाव आहे. ऐकीव गोष्टीवर, जाहिरातीवर किंवा मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबून न राहता अनुभवाने पारखून घ्यावे, अशी तथागतांची शिकवण आहे. चार पैशांच्या व्यवहारातही ती उपयोगी आहे. विक्रेत्याला स्पष्ट सांगावे, ‘आमच्या छपरावर लावा, आमच्या संचावर चित्र दाखवा, मग पैसे घ्या.’ ज्याचा माल खरा आहे तो याला नाही म्हणणार नाही.

यापुढे जाऊन प्रत्येक शाखेने एक काम करावे असे आम्हाला वाटते. शाखेच्या खर्चातून एक लहान तबकडी आणि एक ‘एमपेग-४’ बॉक्स घेऊन ठेवावा. ज्या सभासदाला बॉक्स घ्यायचा असेल त्याच्या छपरावर तो तासभर नेऊन लावावा आणि चित्र येते का, कोणत्या वाहिन्या दिसतात, जागा योग्य आहे का, हे त्याला दाखवावे. अकरावी-बारावीचे विज्ञान शाखेचे दोन विद्यार्थी होकायंत्र आणि गुण्या घेऊन हे काम सहज करू शकतील. पुस्तकातील त्रिकोणमिती त्यांना छपरावर वापरायला मिळेल. इतर वेळी हाच संच विहारात लावून ठेवावा, म्हणजे ज्यांच्या घरी दूरदर्शन नाही अशा मुलांना संध्याकाळी तेथे बसून पाठ पाहता येतील.

ज्या सभासदांच्या छपरावर जुना अँटेना उभा आहे त्यांनी तो मोडीत काढण्याची घाई करू नये. पाइप मजबूत असेल आणि भिंतीत पक्का रोवलेला असेल, तर तो कापून खालच्या भागावर तबकडी बसवता येते. तेवढाच नव्या खांबाचा खर्च वाचेल.

नमो बुद्धाय! जय भीम!